सरडा नटतो कुणासाठी? कोल्हापूरच्या आसपास सरडे-पाली न पकडता नर ओळखायची आणि नोंदवायची पद्धत

वळवाचे एक-दोन सडाके पडून गेले की कोल्हापूरच्या आसपास कुठल्याही कंपाउंडवर, बांधावर, शेवग्याच्या बुंध्यावर लालभडक तोंडाचा सरडा दिसायला लागतो आणि लगेच व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात की हा कुठला विषारी प्राणी आलाय आपल्यात. विषारी नाही, रक्त शोषत नाही, नवीन तर अजिबात नाही. आपला नेहमीचाच बागेतला सरडा, कॅलोटिस व्हर्सिकलर. नर आहे आणि त्याचा सीझन सुरू झालाय, एवढाच विषय. बाकीचं वर्षभर हाच गडी मातकट रंगात तुमच्यासमोरनं जात असतो, पण तेव्हा कोण बघतंय त्याच्याकडं.

ज्यांना नुसता फोटो काढून थांबायचं नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. झूलॉजी घेतलेली पोरं, शाळेतले सर-मॅडम, सकाळी पक्षी बघायला जाणारी आणि दहानंतर पक्षी गप्प झाले की काय करायचं असा प्रश्न पडणारी मंडळी, कुणीही करू शकतं. सरडा हातात धरायची गरज एकदाही पडणार नाही. फक्त एक सवय लावून घ्या: रंग कसला भारी आहे यावर थांबायचं नाही, तो रंग कुणाकडं तोंड करून दाखवला जातोय ते लिहायचं. दुसऱ्या नराला, मादीला, का कुणालाच नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी थोडी थिअरी, लागणारच

डार्विननं १८७१ साली लैंगिक निवडीवर सविस्तर मांडणी केली. नैसर्गिक निवडीनं जगायला उपयोगी पडणारी लक्षणं टिकतात हे ठीक, पण मग जगायला अडचणच करणारी लक्षणं का टिकतात? भडक रंग घेऊन उघड्या दगडावर उभा राहणारा सरडा शिक्र्याला, कापशी घारीला आयताच दिसतो की. त्याचं उत्तर असं की अशा लक्षणामुळं जोडीदार मिळत असेल, पिल्लं जास्त होत असतील, तर जीवाला धोका असूनही ते लक्षण पुढच्या पिढीत जातं. हे दोन वाटांनी होतं, एक म्हणजे नरानं नराला हरवणं आणि दुसरी म्हणजे मादीनं पसंत करणं. आणि डार्विनच्या त्याच लिखाणात आपल्या भारतातला गळ्याला पंखा असलेला सिटाना सरडा आहे. नराच्या गळ्याला निळी-काळी-लाल पिशवी असते, मादीला नसते, आणि रंग फक्त विणीच्या काळात चढतात, हे त्यानं तेव्हाच लिहून ठेवलंय.

तिसरी वाट नंतर पुढं आली. १९७० साली जेफ पार्कर यांनी किड्यांवरच्या कामातनं दाखवलं की मिलन झालं म्हणजे स्पर्धा संपली असं नाही, मादी एकापेक्षा जास्त नरांशी जुळली तर तिच्या पोटात शुक्राणूंची शर्यत लागते. सरड्यांना हे चांगलंच लागू पडतं, त्याच्यावर खाली येतोच.

पहिली पायरी: कधी आणि कुठं

बागेतल्या सरड्यासाठी साधारण मे ते ऑक्टोबर. गळ्याला पंखा असलेल्या सरड्यांसाठी त्याच्याही आधी, मार्च-एप्रिलपासनं जूनचा मोठा पाऊस लागेपर्यंत. घरातल्या पालींना काही सीझन-बिझन बघायचा नाही, वर्षभर ट्यूबलाइटच्या मागं हजर. वेळ सकाळची साडेआठ ते अकरा. त्याच्या आधी गेलात तर सरडे अंग तापवत नुसते पडलेले असतात, आणि भर दुपारी गेलात तर तेही सावलीत आणि तुम्हीही.

शहरातच सुरू करायचं तर शिवाजी विद्यापीठाचा परिसर, टेंबलाईची टेकडी, रंकाळ्याच्या कडेची झाडी, नाहीतर सरळ स्वतःच्या घराचं कुंपण. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ना, तर नर सीझनमध्ये खरंच ठरलेल्या खांबावर, ठरलेल्या फांदीवर रोज येऊन बसतो, कारण तो त्याचा इलाका असतो आणि तिथनं चहूकडं नजर जाते. एक खांब हेरून ठेवला की पुढचे आठ-पंधरा दिवस तुमचं काम सोपं.

जंगलातले बघायचे तर राधानगरी-दाजीपूर. हे अभयारण्य १९५८ चं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. लोक गवे बघायला जातात आणि झाडाच्या खोडाकडं कुणी बघत नाही. इथल्या रानात रूचा सरडा मिळतो, मोनिलेसॉरस रूक्साय, विणीच्या नराचं डोकं तांबडं आणि अंग काळंकुट्ट. दाजीपूरच्या बाजूलाच एक दिनचर पाल सापडली आणि २००९ साली वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी तिचं नाव निमॅस्पिस कोल्हापुरेन्सिस ठेवलं. पाठीवरचे खवले उन्हात इंद्रधनुषी चमकतात. जिल्ह्याच्या नावाची पाल आहे, निदान माहीत तरी असू द्या. खाली आंबोलीला उतरलात तर उडता सरडा, ड्रॅको ड्युसुमिएरी. त्याचा नर खोडावर बसून पिवळी गळपिशवी फटाफट पुढं-मागं करतो आणि एकदा नजर बसली की मग सगळीकडं तेच दिसतं.

पंखावाले सरडे उघड्या खडकाळ माळावर असतात, झाडीत शोधू नका. हमखास बघायचं असेल तर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर जा. तिथल्याच सरड्याला २०१६ साली सरडा सुपर्बा हे नाव मिळालं, त्याच पेपरात डार्विनच्या नावानं सरडा डार्विनी ही दुसरी जात पण आली. दक्षिणेला, निपाणी-संकेश्वरच्या पलीकडं गोकाकला सिटाना गोकाकेन्सिस, ती २०१८ ची. म्हणजे आपण अगदी मधोमध बसलोय आणि दोन्हीकडं एका दिवसात जाऊन यायच्या अंतरावर खजिना आहे.

माळावर दगड उलटायचे नाहीत. त्याच्याखाली फुरसं असतं आणि सरड्याची अंडी, आसरा पण मोडतो. पाणी, टोपी, बूट, हे काय सांगायला नको.

दुसरी पायरी: सामान

फार काही नाही. दुर्बीण ८ बाय ४२ ची असली तर उत्तम, तिनं चार-पाच मीटरवरचं पण फोकस होतं का ते आधी बघून घ्या कारण काही स्वस्त दुर्बिणी जवळचं धरतच नाहीत. स्लो-मोशन असलेला मोबाइल, १५ सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, करड्या रंगाचं कार्ड, वही, पेन्सिल. वहीच पाहिजे, मोबाइलवर टाइप करायला गेलात की तेवढ्यात सरडा गेला.

तिसरी पायरी: नर का मादी

इथं लोक सगळ्यात जास्त घाई करतात. लाल दिसला म्हणजे नर हे ठीक, पण लाल नाही म्हणजे मादी हे चूक. हरलेला नर, थंडीत गारठलेला नर, वयात न आलेला नर, सगळे मातकटच असतात. सरडे अंग तापवायला पण गडद होतात, त्यामुळं सकाळी आठला काळपट दिसलेला सरडा चिडलाय असं लिहून मोकळं होऊ नका, त्याला ऊन पाहिजे असतं फक्त.

बागेतल्या सरड्यात रंग बाजूला ठेवून हे बघा: मानेपासनं पाठीवरचा काट्यांचा तुरा नरात उंच, गाल फुगलेले, डोकं रुंद, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे शेपटीचं बूड. नराच्या शेपटीच्या सुरुवातीला, पोटाकडच्या बाजूनं, फुगवटा असतो. मादीची शेपटी तिथनंच निमुळती होत जाते. मादीच्या पाठीवर बऱ्याचदा दोन फिकट पट्टे असतात, पिल्लांच्यात पण असतात म्हणून एकट्या पट्ट्यावर जाऊ नका.

त्या फुगवट्यात काय असतं? हेमिपेनिस, आणि ते एक नाही, दोन. सरडे, पाली, साप या सगळ्या गटात नराला जोडीनं दोन अवयव असतात, एरवी शेपटीच्या बुडात आत ओढून ठेवलेले. मिलनाच्या वेळी रक्त आणि लसीका भरून एक उलटा होऊन बाहेर येतो. एका वेळी एकच वापरला जातो, मादी ज्या बाजूला असेल त्या बाजूचा. काही ॲनोल सरड्यांत (अमेरिकेकडचा सरड्यांचा एक गट) नर आलटून पालटून डावा-उजवा वापरतो असं दिसलंय, म्हणजे लागोपाठ मिलन झालं तरी दुसऱ्या बाजूचा शुक्राणूसाठा ताजा असतो. आणि याच्यामुळंच पालीची शेपटी अगदी बुडापासनं तुटत नाही, पहिले काही मणके तुटणारे नसतात.

सापसुरळीत, म्हणजे गावाकडं जिला सापाची मावशी म्हणतात तिच्यात, तुरा-बिरा काही नाही, पण विणीच्या काळात नराच्या कुशीला नारिंगी-तांबडा पट्टा चढतो. उन्हात वळली की क्षणभर दिसतो आणि लगेच पाल्यात गायब. घोरपडीत नुसतं बघून नर-मादी सांगतो म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

चौथी पायरी: खिडकीची काच

हा माझा सगळ्यात आवडता प्रकार आणि ह्याला घराबाहेर पण पडावं लागत नाही. रात्री खिडकीच्या काचेवर बाहेरनं पाल किडे खायला येते तेव्हा तिचं पोट तुमच्याकडं असतं. आतला दिवा बंद करा, बाहेरचा राहू दे, टॉर्च तिरका धरा आणि मागच्या दोन पायांच्या मधे बघा. नर असेल तर मांड्यांवरनं आणि फटीच्या (शेपटीच्या बुडाशी असलेलं विष्ठेचं आणि मिलनाचं एकच आडवं द्वार) पुढनं बारीक ठिपक्यांची एक रांग दिसेल, प्रत्येक ठिपक्यात पिवळसर मेणचट गोळी. ही छिद्रं. फटीच्या मागं दोन गोल फुगवटे म्हणजे हेमिपेनिसची जागा, आणि कडेला एक-दोन टोकदार खवले. मादीला ही रांग नसते, पण तिचं पोट पारदर्शकच म्हणा ना, आत दोन पांढरी अंडी सरळ दिसतात. पाल एका वेळी बहुतेक दोनच अंडी घालते.

छिद्रांची रांग मोजा, फोटो काढून मोजा म्हणजे चुकणार नाही. काही जातींत ती मधे तुटते आणि दोन्ही मांड्यांवर वेगवेगळी मोजावी लागते, काहीत या मांडीपासनं त्या मांडीपर्यंत सलग जाते. जात ओळखायला तज्ज्ञ हेच मोजतात, वर सांगितलेल्या कोल्हापुरेन्सिसच्या नरातही अशी सलग रांग आहे. छिद्रांतनं येणारा मेणचट पदार्थ नर चालता चालता जमिनीला-भिंतीला फासत जातो, आणि बाकीचे जीभ लावून, टाळूतल्या वासाच्या अवयवानं तो वाचतात. युरोपातल्या काही डोंगरी सरड्यांवरच्या प्रयोगात मादी नराच्या या वासावरनं कुठं थांबायचं ते ठरवते असं दिसलंय. म्हणजे आपल्याला जे रंगीत दिसतं तेवढंच लैंगिक निवडीचं लक्षण असं धरून चालू नका, आपण डोळ्यांवर जगणारे प्राणी म्हणून आपल्याला रंगच दिसतात.

आवाज पण लिहा. शंकेची पाल चुकचुकली की आपण बोटानं टकटक करतो, पण ती चुकचुकते ती बऱ्याचदा दुसऱ्या पालीला ऐकवायला. एका बल्बवर दोन मोठ्या डोक्याच्या पाली आल्या की आवाज, पाठलाग आणि चावाचावी या क्रमानं काय काय होतं ते वेळेसकट लिहिलंत तर छोटा प्रोजेक्ट तिथंच होतो.

पाचवी पायरी: दहा मिनिटांची नोंद

एक नर निवडायचा, किमान पाच-सहा मीटर लांब बसायचं, पहिली पाच मिनिटं काहीच लिहायचं नाही, त्याला तुमची सवय होऊ दे. मग घड्याळ लावून दहा मिनिटं फक्त त्याच्याकडंच बघायचं, शेजारी काहीही भारी घडलं तरी. नोंद अशी दिसली पाहिजे:

१०:०५, नर, दगडावर, एकटा. पंखा उघडला ३ वेळा, तोंड उताराकडं.
१०:०७, मादी उजवीकडं ४ फुटांवर. नर फिरला, तिच्यासमोर आडवा उभा, पंखा सलग ७ वेळा.
१०:०९, मादी झुडपात. नर तिच्या मागं गेला नाही, दगडावरच.
१०:१२, दुसरा नर डावीकडनं आला. पंखा बंद, अंग चपटं, डोकं वरखाली, मग धावून गेला.

बघा, इथं "नाचत होता", "खूश होता", "मादीला भुलवत होता" असलं काही नाही. काय केलं, किती वेळा केलं, कुणाकडं तोंड करून केलं. अर्थ घरी जाऊन लावायचा.

डोकं वरखाली करणं आणि पुशअप मारणं हे बहुतेक वेळा दुसऱ्या नरासाठी असतं. तालमीत जोड लागायच्या आधी पैलवान शड्डू ठोकतो ना, तेच, ताकद दाखवून समोरच्यानं परत जावं म्हणून. खरी मारामारी दोघांनाही महागात पडते म्हणून आधी दाखवादाखवी, आणि डोकं जेवढं रुंद तेवढा चावा जोरात हे दोघांनाही कळत असावं. ज्यांची ताकद सरळ उन्नीस-बीस असते तेच शेवटी भिडतात. घोरपडीचे नर तर मागच्या पायांवर उभं राहून एकमेकाला कवळ घालून पाडतात, बघायला मिळालं तर व्हिडिओ काढा पण जवळ जाऊ नका.

रंगसुद्धा प्रेक्षक बघून बदलतो. बंगळूरकडच्या कातळावरच्या सरड्यांवर, सॅमोफिलस डॉर्सालिसवर, झालेल्या कामात नर समोर मादी आहे का नर आहे त्याप्रमाणं पाठीचा आणि कुशीचा रंग वेगवेगळा करतो असं दिसलं. म्हणून तर म्हणतोय, समोर कोण होतं हे लिहिलं नसेल तर फोटोला निम्मी पण किंमत नाही.

सहावी पायरी: रंगाचा फोटो

मोबाइलचा ऑटो मोड लाल रंगाला आपल्या मनानं अजून लाल करतो. प्रो मोड लावा, व्हाइट बॅलन्स फिक्स करा, फिल्टर-बिल्टर सगळं बंद, आणि सरडा गेल्यावर त्याच जागी करडं कार्ड ठेवून त्याच उजेडात एक फोटो घ्या, म्हणजे दोन दिवसांचे फोटो निदान एकमेकांशी तुलना करायच्या लायकीचे होतील. सरड्यांना अतिनील प्रकाश पण दिसतो, आपल्या कॅमेऱ्याला नाही, ही मर्यादा प्रोजेक्टमध्ये लिहून टाका.

सरडा सुपर्बाच्या पंख्यात निळा, काळा, नारिंगी असे तीन रंग. नारिंगी आणि काळा रंगद्रव्याचा, निळा मात्र कातडीतल्या अतिसूक्ष्म रचनेवरनं प्रकाश परतल्यामुळं दिसतो, त्यामुळं कोन बदलला की निळा बदलतो. एकाच नराचे दोन बाजूंनी काढलेले फोटो बघून दोन वेगळे नर समजू नका. फडफड एवढी वेगात असते की स्लो-मोशनशिवाय मोजताच येत नाही, १२० फ्रेमला व्हिडिओ काढा आणि घरी निवांत मोजा.

सातवी पायरी: न पकडता मोजमाप

सरडा आडवा, कॅमेऱ्याला काटकोनात असताना फोटो. तो स्वतःहून गेला की तुम्ही जिथं होता तिथंच थांबा, झूम तसाच ठेवा, मित्राला पाठवून सरडा बसला होता नेमक्या त्या ठिकाणी पट्टी ठेवा आणि परत फोटो. आता कॉम्प्युटरवर फुकट मिळणाऱ्या इमेज-जे सॉफ्टवेअरमध्ये पट्टीवरनं स्केल लावून नाकापासनं फटीपर्यंतची लांबी, डोक्याची लांबी, पंख्याची लांबी मोजता येते. शेपटी धरून एकूण लांबी काढू नका, शेपट्या तुटक्या असतात. डोक्याची लांबी भागिले अंगाची लांबी हा आकडा नर-मादीत वेगळा येतो का बघा, दहा-दहा जणांचे फोटो असले तरी फरक डोळ्याला दिसेल.

अजून एक सोपी चाचणी: सरड्याकडं एकसारख्या चालीनं सरळ चालत जा आणि तो पळाला त्या क्षणी थांबा, तुमच्यापासनं तो बसला होता त्या दगडापर्यंतचं अंतर मोजा. भडक नर जास्त लांबनं पळतो का? ही चाचणी एका सरड्यावर दिवसात एकदाच, नाहीतर छळ होतो आणि आकडा पण खोटा येतो.

चाळकेवाडीला हेच मोठ्या प्रमाणावर झालं. मारिया ठकार, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा २०१८ चा पेपर आहे. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, त्यामुळं सरडे जास्त, माणसाला जवळ येऊ देणारे, अंगातलं ताणाचं संप्रेरक कमी. वरवर बघता सरड्यांची मजाच झाली म्हणायची. पण तिथल्या नरांच्या पंख्याचा रंग फिका निघाला. गर्दी वाढली, खाण्यासाठी ओढाताण वाढली, आणि रंगाला लागणारा खर्च परवडेनासा झाला असावा, असं त्याचं स्पष्टीकरण. रंग फुकट मिळत नाही याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही माझ्या बघण्यात, आणि ते पण आपल्यापासनं दोन-अडीच तासांवर.

आठवी पायरी: जे बाहेरनं दिसत नाही

हा भाग वाचायचा आहे, करायचा नाही. सीझनमध्ये नराची वृषणं फुगतात आणि सीझन संपला की आक्रसतात. मूत्रपिंडाचा एक भाग सुद्धा फक्त विणीच्या काळात जाड होतो आणि त्यातला स्राव वीर्यात मिसळतो, हे सरडे-सापांचं खास. आपल्या शेजारच्या धारवाडला, कर्नाटक विद्यापीठात, बागेतल्या सरड्याच्या प्रजननावर वर्षानुवर्षं काम झालंय, झूलॉजीवाल्यांनी ते पेपर काढून वाचावेत.

हेमिपेनिसचा आकार, त्यावरच्या घड्या, काटे जातीजातीत वेगळे असतात म्हणून वर्गीकरणवाले तो बारकाईनं बघतात. २०१५ साली ॲनोल सरड्यांवर झालेल्या तुलनेत हा अवयव पाय आणि गळपिशवीपेक्षा कितीतरी वेगानं बदलत गेल्याचं दिसलं. म्हणजे उघड दिसणारी शोभेची गळपिशवी मागं आणि लपवून ठेवलेली वस्तू पुढं! मिलनानंतरची निवड किती जोरात चालत असेल याचा त्यावरनं अंदाज करा. मादी शुक्राणू साठवून ठेवू शकते, एका घरट्यातल्या अंड्यांचे बाप वेगवेगळे असू शकतात. स्वीडनमधल्या वाळूतल्या सरड्यांवर डीएनए तपासून हे बघितलं गेलंय. म्हणून तुम्ही ज्याला मिलन करताना बघितलं तोच पिल्लांचा बाप असं वहीत लिहू नका.

जिवंत पालीची शेपटी दाबून हेमिपेनिस बाहेर काढायचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, तसलं करायचं नाही, इजा होते. हे काम संग्रहालयातल्या नमुन्यांवर, परवानगीनं आणि शिकलेल्या माणसानं करायचं.

आकडे वाचताना

दोन फसव्या जागा. पहिली, तुम्हाला दहा नर आणि तीन माद्या दिसल्या म्हणून तिथं माद्या कमी आहेत असं होत नाही, नर दगडावर चढून ओरडल्यागत दिसतात आणि मादी गवतात असते. दुसरी, "मादीनं भडक नर निवडला" हे वाक्य. सरड्यांत नरांची आपसातली टक्कर सिद्ध करणं सोपं, मादीची पसंती सिद्ध करणं फार अवघड, कारण मादीनं नर पसंत केला का त्याच्या ताब्यातला चांगला दगड, सावली, मुंग्यांचं वारूळ पसंत केलं हे वेगळं काढता येत नाही. मोठा नर चांगली जागा बळकावतो, चांगल्या जागेत माद्या असतात, झालं.

आणि मोठा, भडक नरच जिंकतो असंही नाही. अमेरिकेतल्या साइड-ब्लॉच्ड सरड्यात तीन प्रकारचे नर असतात. नारिंगी गळ्याचे दांडगे मोठा इलाका धरतात, निळे छोटा इलाका धरून मादीची राखण करतात, पिवळे मादीसारखे दिसून गुपचूप शिरतात. नारिंगी निळ्याला हरवतो, निळा पिवळ्याला पकडतो, पिवळा नारिंगीला फसवतो. सिनर्वो आणि लाइव्हली यांनी १९९६ साली हे चक्र मांडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या चपट्या सरड्यात पण काही तरुण नर मादीचा रंग घेऊन मोठ्या नराच्या इलाक्यात फिरतात, दिसायला मादी, वासाला मात्र नर. त्यामुळं तुमच्या खांबाशेजारी रेंगाळणारी "मादी" शेपटीच्या बुडावरनं परत एकदा तपासा.

कायदा आणि हाथाजोडी

बघणं, फोटो काढणं याला अडचण नाही, अभयारण्यात वनविभागाचे प्रवेशाचे नियम पाळले की झालं. पकडणं, घरी ठेवणं, रंग लावून खूण करणं यातलं काहीही परवानगीशिवाय करायचं नाही, कॉलेजचा प्रोजेक्ट असला तरी गाइडमार्फत लेखी परवानगी. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा ३ ते ७ वर्षं.

आणि हे जरा नीट वाचा. जत्रेत, पूजेच्या सामानात, ऑनलाइन "हाथाजोडी" म्हणून दोन हात जोडल्यासारखी वाळकी वस्तू विकतात, दुर्मिळ झाडाची मुळी आहे, तिजोरीत ठेवा, पैसा येतो म्हणून. ती मुळी नाही. घोरपडीच्या नराचे वाळवलेले हेमिपेनिस आहेत ते, जिवंतपणी कापून काढलेले असतात बऱ्याचदा. २०१७ मध्ये हा धंदा उघडकीला आला. सांड्याच्या तेलाचीही तीच गत, वायव्येकडच्या वाळवंटातला काटेरी शेपटीचा सरडा मारून चरबी काढायची आणि मर्दानगीचं औषध म्हणून विकायची, गुण शून्य. घरातल्या देव्हाऱ्यात हाथाजोडी असेल तर आजी-आजोबांना शांतपणे सांगा, त्यांना कुणी फसवलंय. विकणारा दिसला तर वाद घालू नका, वनविभागाच्या १९२६ नंबरवर कळवा.

नोंदी आयनॅचरॅलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची वेबसाइट आणि ॲप) टाका, वर्णनात समोर कोण होतं ते लिहून. फक्त घोरपडीचं बीळ आणि दुर्मिळ जातींचं ठिकाण टाकताना लोकेशन लपवायचा पर्याय चालू करा, कारण ती यादी आपल्यासारखेच लोक वाचतात असं नाही.